गुप्त शस्त्रवहन आणि आंतरराज्य प्रवास (अमेरिका)

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर इतरांच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने, कपड्यांखाली वा पिशवीत, बहुधा भरलेल्या स्थितीत जवळ बाळगणे याला गुप्त शस्त्रवहन म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ते कोणी, कुठे आणि कोणत्या अटींवर करावे हे मुख्यतः प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवते. त्यामुळे आपल्या राज्यात कायद्याला धरून वागणारा माणूस राज्याची सीमा ओलांडताच गुन्हेगार ठरू शकतो. एका राज्याचा वाहनचालक परवाना सर्व राज्यांत चालतो. शस्त्राच्या परवान्याचे तसे नाही.

व्हरमाँटने अशा वहनासाठी परवाना कधीच मागितला नाही. अलास्काने २००३ मध्ये व ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची सक्ती काढली आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. तरीही यांपैकी बहुतेक राज्ये इच्छुकांना परवाना देतच राहिली, कारण इतर राज्यांत तो उपयोगी पडतो. दुसऱ्या टोकाला असलेल्या इलिनॉयने न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१३ मध्ये, म्हणजे सर्व राज्यांच्या शेवटी, गुप्त वहनास वाट मोकळी करून दिली. विशेष कारण दाखवल्याशिवाय परवाना न देण्याची न्यूयॉर्कची अट सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मात्र परराज्याचा परवाना मान्य केलाच पाहिजे, असे त्या निकालाने म्हटलेले नाही.

परवान्यांची परस्पर मान्यता राज्याराज्यांतील करारांवर किंवा एकतर्फी निर्णयांवर चालते. काही राज्ये सर्वांचे परवाने मानतात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय सर्वसाधारणपणे कोणाचेच मानत नाहीत. मिशिगन परराज्याचा परवाना मानते, पण धारक परवाना देणाऱ्या राज्याचा रहिवासी असेल तरच. शिवाय मान्यता मिळाली तरी नियम यजमान राज्याचेच लागतात. मॅगझिनमध्ये किती काडतुसे चालतील, पोलिसाने गाडी थांबवल्यावर शस्त्राची माहिती आपणहून द्यायची की नाही, मद्यालयात वा प्रार्थनास्थळी शस्त्र नेता येईल का, हे सारे सीमेपाशी बदलते. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास संघराज्यीय कायद्याने मनाई आहे. तिच्यातून परवानाधारकाला मिळणारी सूट ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या परवान्याला लागू होते, ही बाब जाणकारांच्याही नजरेतून निसटते.

प्रवाशाला संघराज्याकडून मिळणारे मुख्य संरक्षण १९८६ च्या शस्त्रधारक संरक्षण कायद्यात आहे, आणि त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आढळतो. जेथून निघायचे व जेथे पोहोचायचे त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ते नेता येते. मात्र ते रिकामे असावे आणि ते व काडतुसे प्रवाशांच्या हाताशी नसावीत. गाडीला वेगळी डिकी नसल्यास कुलूपबंद पेटी लागते. डॅशबोर्डचा किंवा आसनांमधला कप्पा त्यासाठी चालत नाही. थोडक्यात, हे संरक्षण वाहतुकीला आहे, अंगावर बाळगण्याला नाही.

ते किती अरुंद आहे, हे २००५ मधील एका प्रकरणातून दिसते. युटाहून पेनसिल्व्हेनियाकडे निघालेल्या प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील नेवार्क येथे चुकले, शस्त्र असलेली बॅग त्याच्या हाती आली आणि त्याने रात्र हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्याने शस्त्राची माहिती स्वतःहून दिली आणि त्याला अटक झाली. हॉटेलात शस्त्र त्याच्या हाताशी होते, म्हणून १९८६ चा कायदा त्याला लागू होत नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. न्यायालयाचा तर्क कायद्याच्या शब्दांना धरून आहे. पण चुकलेल्या विमानाची किंमत एवढी असावी का, हा प्रश्न उरतोच. विमानप्रवासात शस्त्र रिकामे करून, कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, विमान कंपनीच्या चेक-इन खिडकीवर नोंदवून सामानातच द्यावे लागते. ॲमट्रॅक रेल्वे २०१० पासून काही मार्गांवर, पूर्वसूचना दिल्यास, असे सामान स्वीकारते.

सेवेतील व निवृत्त पात्र पोलिसांना मात्र २००४ च्या कायद्याने देशभर गुप्त शस्त्रवहनाची मुभा आहे. तशी सोय सर्व परवानाधारकांना देणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत झाले, पण सिनेटने ते मंजूर केले नाही. राज्यांच्या अधिकारांचे एरवीचे पुरस्कर्ते या विधेयकाच्या बाजूने होते आणि एरवी केंद्रीय नियमनाचा आग्रह धरणारे राज्यांची बाजू घेत होते.

अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्यांसाठी, ज्यांत मराठी भाषकही मोठ्या संख्येने आहेत, प्रश्न याच्याही आधीचा आहे: बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकाने शस्त्र बाळगणे हाच संघराज्यीय गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे अपवाद त्याला आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.