शीतन प्रणालीतील हवा काढणे

मोटारगाडीच्या द्रवशीतित एंजिनात कूलंट (एंजिन थंड ठेवणारा द्रव) भरताना अडकून राहिलेली हवा बाहेर घालविण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला ‘एअर काढणे’ म्हणतात. होज पाईप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडणारी झडप) किंवा रेडिएटर उघडल्यावर ती करावी लागते.

हवेची उष्णता-संवाहकता पाण्याच्या सुमारे १/२३ असते. त्यामुळे सिलिंडर हेडमध्ये (सिलिंडरांवरील झाकणात) बुडबुडा राहिला, की तेवढाच भाग जास्त तापतो. पंप केंद्रोत्सारी असल्याने द्रव कडेला फेकला जातो व हवा मध्याशी साचते; ती पुरेशी साचल्यास अभिसरणच थांबते. तापमान-संवेदक बुडबुड्यात सापडला तर एंजिन तापूनही काटा खालीच राहतो. हे सर्वांत फसवे लक्षण होय.

ही क्रिया केव्हा आवश्यक ठरली याविषयी मतभेद आहेत. फोर्ड मॉडेल टीच्या (१९०८–२७) बहुसंख्य गाड्यांत पंप व थर्मोस्टॅट नव्हते. गरम पाणी आपोआप वर चढे आणि हवा रेडिएटरच्या तोंडाशी येई. पुढे बॉनेट उतरते झाले व रेडिएटर सिलिंडर हेडच्या पातळीखाली गेला, हे काहींच्या मते मूळ कारण. तथापि थर्मोस्टॅटचे कारण अधिक ग्राह्य वाटते, कारण बंद झडपेखाली हवा कोंडते. अनेक थर्मोस्टॅटांच्या चकतीत बारीक छिद्र व त्यात सैल पिन ठेवलेली असते, ती याचसाठी. दाबाचे झाकण (प्रणालीत दाब टिकवणारे) व गाडीच्या आतील हीटर रूढ होण्याचा काळही ढोबळमानाने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेच येतो.

एंजिन थंड असताना गाडीचे तोंड उंच करून कूलंट सावकाश ओततात. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून अखंड धार येईपर्यंत तो सैल ठेवतात. मग थर्मोस्टॅट उघडेपर्यंत (बहुधा ८२–९० अंश से.) एंजिन चालवून, निवल्यावर पातळी पुन्हा पाहतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवण्याचा सल्ला पाण्याची झडप असलेल्या गाड्यांना लागू पडतो. जेथे हीटरमधून कूलंट सतत वाहते तेथे त्याने फरक पडत नाही. एंजिन मागे व रेडिएटर पुढे असलेल्या फियाट एक्स१/९ सारख्या गाड्यांत लांब नळ्यांमुळे काम किचकट होते.

गरम असताना झाकण उघडू नये : १ बार जादा दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, दाब सुटताच त्याची एकदम वाफ होते.

हवा पुनःपुन्हा येत राहिल्यास हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचा सांधा बंद ठेवणारा पत्रा) गळत असल्याचा संशय घेतात. टाकीतील वायू निळ्या ब्रोमोथायमॉल द्रावातून सोडतात. ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असल्यास द्राव पिवळा पडतो.