'पातळ' कॉर्टेक्स आणि अनुकरण: एका दुव्याची पार्श्वभूमी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लोकांचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, काही ठिकाणी पातळ असतो आणि म्हणून त्यांना अनुकरण जड जातं, असा दावा केला जातो. स्वमग्न मुलांना नक्कल करणं जड जातं, हे निरीक्षण मिरर न्यूरॉनहून, म्हणजे स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती पाहतानाही सक्रिय होणाऱ्या मेंदूपेशींहून, जुनं. अनुकरणातली अडचण स्वमग्नतेच्या मुळाशी असावी, असं 1991मध्येच मांडलं गेलं होतं. 1992मध्ये इटलीतल्या पार्मातून मकाक माकडांमधल्या त्या पेशींची नोंद झाली आणि 2001पर्यंत दोन्ही धाग्यांची गाठ बसली.

मेंदूच्या रचनेचा पुरावा म्हणून 2006चा अभ्यास पुढे केला जातो: स्वमग्न प्रौढ 14, तुलनेला 14. मेंदूच्या फ्रंटल (पुढच्या) व परायटल (वरच्या-मागच्या) लोबचे खालचे भाग आणि टेम्पोरल (कानाजवळच्या) लोबची वरची खाच इथला कॉर्टेक्स पातळ आढळला. पण जाडीचा संबंध दाखवला गेला तो लक्षणांच्या तीव्रतेशी. अनुकरण आलं ते या भागांना 'मिरर प्रणाली' म्हणतात म्हणून. हेच भाग भाषेला, लक्ष वळवायला आणि नजर ओळखायलाही लागतात. ते सोयीस्करपणे मागे पडलं.

'पातळ' या शब्दातही गुंता आहे. सॉफ्टवेअर दोन पृष्ठभाग आखतं, एक करड्या भागाच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या, बाहेरच्या कडेला, दुसरा करडा-पांढरा भाग मिळतो तिथे. त्यांच्यातलं अंतर म्हणजे जाडी. ती सरासरी अडीच मिलिमीटर, तर स्कॅनच्या चित्रातला सर्वांत छोटा ठोकळा बहुधा 1 मिलिमीटरचा. गटांमधला फरक त्याहूनही बारीक. काही मिनिटांच्या स्कॅनमध्ये डोकं जरा हललं की कड पुसट होते आणि कॉर्टेक्स आहे त्याहून पातळ मोजला जातो. निरोगी लोकांना मुद्दाम हालचाल करायला लावून 2015मध्ये हे दाखवलं गेलं. स्कॅनरमध्ये मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात. शिवाय वाढत्या वयात मायलिन (मज्जातंतूंवरचं पांढरं आवरण) तळाच्या थरात चढतं, तो थर पांढऱ्यात धरला जातो आणि जाडी आपोआप घटते. म्हणून निष्कर्षाआधी किती स्कॅन बाद केले आणि वयं कशी जुळवली, ते पाहावं. हे दिलंच नसेल, तर आकड्यांवर फार विसंबू नये.

दरम्यान 2007मध्ये अनुकरणाची बाजूही डळमळली. टेबलावरच्या ठिपक्याला हात लावून दाखवला, की मुलं ठिपका बरोबर निवडत, पण दाखवलेला हात न वापरता सोयीचा वापरत. ही चूक स्वमग्न मुलांचीही होती आणि इतरांचीही. म्हणजे कृतीचा हेतू त्यांना कळत होता. अडचण जास्त दिसते ती कुणी न सांगता होणाऱ्या नकलेत.

2018मध्ये 1571 स्वमग्न आणि 1651 इतर, वय 2 ते 64, असे स्कॅन एकत्र तपासले गेले. टेम्पोरल भाग पातळच निघाला. फ्रंटल मात्र जाड.