मोठ्या फाइलींच्या साठवणुकीतील डिफॉल्ट चेकसम

फाइलीतील सगळ्या बाइटांवर गणित करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या म्हणजे चेकसम. साठवताना ती नोंदवतात आणि पुढे पुन्हा काढून ताडून पाहतात. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने स्वतः काही निवडले नाही, तर लागू होते ती डिफॉल्ट पद्धत. सेटिंगच्या वाटेला फारसे कोणी जात नाही, त्यामुळे ही निवड प्रत्यक्षात सॉफ्टवेअर लिहिणाराच सर्वांसाठी करतो.

कोल्हापूरसारख्या शहरात या निवडीला व्यावहारिक वजन आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगा शहरात शिरली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. उद्यमनगरातल्या कारखान्याची कॅड ड्रॉइंग असोत, लग्नाचे फुटेज असो की स्कॅन केलेली मोडी कागदपत्रे, एक प्रत पूररेषेबाहेर, शक्यतो परगावी हवीच. पण परत आणलेली प्रत उघडली म्हणजे ती शाबूत आहे असे नव्हे. थोडे बाइट बिघडलेला व्हिडिओही बिनबोभाट चालतो.

डिफॉल्ट ठरवताना आधी पाहायचे, ते चेकसमकडून काम कोणते घ्यायचे आहे. डिस्कवरचा ठोकळा (डेटाचा एक तुकडा) अपघाताने बिघडला का, एवढेच हवे असेल तर हलक्या पद्धती पुरतात : डिस्कवर फाइली मांडणाऱ्या प्रणालींपैकी (फाइल सिस्टिम) बीटीआरएफएस ३२ बिटांची सीआरसी-३२सी वापरते, झेडएफएस फ्लेचर-४. मात्र सारख्या फाइली ओळखून एकच प्रत ठेवायची असेल, तर चेकसम हीच फाइलीची ओळख बनते आणि ३२ बिट तोकडे पडतात. सुमारे ७७ हजार वेगवेगळ्या फाइली जमल्या की त्यांतल्या कुठल्या तरी दोघींचा ३२ बिटांचा चेकसम एकच निघण्याची शक्यता निम्मी होते. लग्नसराईत एखाद्या स्टुडिओत एवढे फोटो सहज साठतात. म्हणूनच झेडएफएसही डीडुप्लिकेशन (सारख्यांची एकच प्रत ठेवणे) चालू केले की २५६ बिटांच्या एसएचए-२५६ कडे वळते.

कोणी मुद्दाम फसवू पाहत असेल, तर एमडी५ (२००४ पासून) आणि एसएचए-१ (२०१७ पासून) या जुन्या पद्धती बाद धराव्यात, कारण त्यांत एकच चेकसम असलेल्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम बनवता येतात. २०१७ मध्ये गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने एकच एसएचए-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या. त्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या सबव्हर्जन भांडारात (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साठ्यात) टाकताच भांडारच अडकले.

एसएचए-२५६ मंद आहे ही तक्रार अर्धीच खरी. गिगाबिट नेटवर्क सेकंदाला १२५ एमबीच्या वर जात नाही. १ टीबी न्यायला दोन तासांहून जास्त लागतातच. गेल्या दशकातले बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर एवढ्या वेळात हे गणित सहज उरकतात. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कवर मात्र फरक जाणवतो. तिथे २०२० मधील ब्लेक३ ही पद्धत सरस : ती फाइलीचे १०२४ बाइटांचे तुकडे करून प्रोसेसरच्या अनेक कोअरवर एकाच वेळी चालते. तरीही सर्वत्र उपलब्ध साधनांनी ताडता येते म्हणून डिफॉल्टसाठी एसएचए-२५६ अधिक सोयीचे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला मोठ्या फाइलींसाठी जोडल्या जाणाऱ्या गिट-एलएफएसने तेच घेतले आहे.

डिफॉल्ट नंतर बदलणे महागात पडते, कारण नवा चेकसम काढायला साठवलेली प्रत्येक फाइल पुन्हा वाचावी लागते. मोठ्या फाइलींसाठीचेच दुसरे साधन गिट-अॅनेक्स प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीलाच पद्धतीचे नाव लिहिते, त्यामुळे जुन्या-नव्या नोंदी शेजारी नांदतात. गिटने २००५ मध्ये एसएचए-१ पक्के धरले. तिथे एसएचए-२५६ ची प्रायोगिक सोय यायला २०२० उजाडले.