पार्श्वभूमी: क्रूड फायबर, चोथा आणि चाळणीवरचा कोंडा

एकाच ताटाचे दोन हिशेब मांडून पाहू. न चाळलेल्या ९० ग्रॅम कणकेच्या तीन चपात्या, ६० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण, ३० ग्रॅम मटकीची उसळ, १०० ग्रॅम भेंडीची भाजी, ५० ग्रॅम गाजराची कोशिंबीर आणि १०० ग्रॅमचा एक पेरू. वजनं सगळी कच्च्या जिन्नसांची, मटकी कोरडी असतानाची. जुन्या भारतीय अन्नघटक तक्त्यांवरून बेरीज केली तर या ताटात तंतू भरतात साडेदहा-अकरा ग्रॅम. २०१७ च्या तक्त्यांवरून केली तर जवळजवळ ३४. जेवण तेच आहे. ‘तंतू’ म्हणजे काय मोजायचं, एवढंच मधल्या काळात बदललं. रोजच्या आहारात तंतू पुरेसे आहेत की नाहीत, हा वाद आपल्याकडे बराच काळ या फरकामुळे भरकटत राहिला.

जुनं माप माणसासाठी नव्हतंच. १८६० च्या सुमारास जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या शेती-प्रयोगकेंद्रात वैरणीची प्रत ठरवण्यासाठी ती रीत बसवली गेली. नमुन्यातली चरबी काढून घ्यायची, तो सव्वा टक्का सल्फ्युरिक आम्लात अर्धा तास उकळायचा, धुऊन सव्वा टक्का कॉस्टिक सोड्यात पुन्हा अर्धा तास उकळायचा, उरेल ते वाळवून तोलायचं, मग जाळून राखेचं वजन वजा करायचं. हाती येतं ते ‘क्रूड फायबर’. एवढ्या मारातून टिकतो तो मुख्यतः सेल्युलोजचा काही भाग आणि लाकडाला कडकपणा देणारं थोडं लिग्निन. सेल्युलोजच्या जोडीने असणारं हेमिसेल्युलोज बहुतांश विरघळून जातं. पेक्टिन, डिंकासारखे पदार्थ, इसबगोलाचा बुळबुळीतपणा, म्हणजे पाण्यात विरघळणारे तंतू तर एकूण एक निघून जातात. कडब्यातला कुठला भाग निकस हे साधारण कळण्यापुरती ही रीत ठीक होती. माणसाच्या आतड्यात आम्लही त्या ताकदीचं नसतं आणि सोडाही नसतो, त्यामुळे न पचता मोठ्या आतड्यापर्यंत काय पोचतं हे तिच्यातून कळणं शक्य नव्हतं. तरी ती स्वस्त होती, कुठल्याही प्रयोगशाळेत जमत होती, आणि म्हणून शंभर वर्षं टिकली.

तिने काय लपवलं ते वरच्या ताटातच दिसतं. जुन्या हिशेबात १०० ग्रॅम कणकेत १.९ ग्रॅम तंतू, नव्यात ११ च्या वर. ज्वारीत १.६ होते, ते १० झाले, बाजरीत १.२ होते, ते साडेअकराच्या आसपास. हरभराडाळीत १.२ चे १५. पेरूचे मात्र ५.२ चे साडेआठच झाले, कारण पेरूच्या बियांमधला आणि गरातल्या कणीदार भागातला कडकपणा आम्लालाही दाद देत नाही. परिणाम असा, की जुन्या बेरजेत ताटातले निम्मे तंतू एकटा पेरू देतो, तर नव्या बेरजेत कणीक सगळ्यांत पुढे, सुमारे १० ग्रॅम, आणि पेरू तिच्या मागे. ‘तंतू हवेत? फळं आणि सॅलड वाढवा’ हा सल्ला पक्का होण्यात या तक्त्यांचाही हात असावा, असं मानायला जागा आहे. धान्य-कडधान्यांकडे पाहायचं कारणच तक्ता देत नव्हता.

दुसरी गफलत कमी बोलली जाते. त्या तक्त्यांत कर्बोदकं थेट मोजलेली नव्हती. शंभरातून पाणी, प्रथिनं, चरबी, खनिजं आणि क्रूड फायबर वजा करायचं, उरलं ते कर्बोदक. म्हणजे क्रूड फायबरमध्ये न सापडलेले सगळे तंतू पिष्टाच्या खात्यावर पडले, ग्रॅमला चार कॅलरीच्या भावाने. कणकेतली कर्बोदकं जुन्या तक्त्यात ६९ च्या वर आहेत, नव्यात ६४. मधुमेहींचे आहारतक्ते कित्येक वर्षं त्या ६९ वर बेतले गेले.

‘डायटरी फायबर’ हा शब्द छापून आला १९५३ मध्ये, फिजीतल्या गरोदर स्त्रियांच्या आहाराबद्दलच्या एका निबंधात. तो गाजला मात्र १९७० नंतर, आफ्रिकेत काम केलेल्या ब्रिटिश डॉक्टरांनी तिथल्या खेडुतांच्या आणि इंग्लंडमधल्या लोकांच्या शौचाचं वजन आणि अन्न पोटातून बाहेर पडायला लागणारा वेळ शेजारी-शेजारी मांडला तेव्हा. १९८५ मध्ये विकरांनी पिष्ट आणि प्रथिनं पचवून, मग अल्कोहोल घालून उरलेलं खाली बसवून तोलायची पद्धत अधिकृत झाली. प्रयोगशाळेतलं पचन त्या दिवशी थोडंफार माणसासारखं झालं.

आपल्याकडे शिफारस आधी आली आणि माप मागून, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. २०१० च्या राष्ट्रीय शिफारशीत २,००० कॅलरींमागे ४० ग्रॅम आहारातले तंतू सांगितले होते, आणि सर्वांच्या हातातल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पुस्तकात मुख्य तक्त्यात रकाना होता क्रूड फायबरचा. चाळीसचं लक्ष्य आणि क्रूडचा तक्ता एकत्र जुळवले की वरचं ताटही जेमतेम पाव पास होतं. असा हिशेब करणाऱ्याला इसबगोल नाहीतर कोंड्याचं पाकीट लिहून देण्यावाचून इलाज राहत नाही. २०१७ मध्ये पाचशेहून अधिक भारतीय पदार्थांचे नव्याने मोजलेले आकडे आले, त्यांत विरघळणारे आणि न विरघळणारे तंतू वेगवेगळे होते. २०२० मध्ये शिफारस उतरून २,००० कॅलरींमागे ३० ग्रॅमवर आली. हे लक्ष्य सैल केलं, अशी टीका होते. पण नीट मोजलेले ३० हे चुकीच्या तक्त्यावर मागितलेल्या ४० पेक्षा जास्त कामाचे, कारण ते घरच्या स्वयंपाकातून खरोखर गाठता येतात. जुने तक्ते अजून पाठ्यपुस्तकांत आणि मोबाइलमधल्या कॅलरी-गणकांत शिल्लक आहेत. ओळखायची खूण सोपी: गव्हाच्या कणकेसमोर तंतू २ च्या आत दिसले तर आकडा क्रूडचा आहे.

आता मराठी शब्दांकडे. ‘चोथा’ म्हणजे रस काढून घेतल्यावर टाकायचं ते, उसाच्या गुऱ्हाळातलं किंवा नारळाचं दूध पिळल्यावर उरलेलं. शाळेच्या पुस्तकांतून ‘चोथायुक्त पदार्थ’ गेला आणि ‘तंतुमय पदार्थ’ आला. दोन्ही शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतात. म्हणून शेवग्याच्या शेंगेला तंतूंचं भांडार समजलं जातं, जिच्या रेषा आपण चावून थुंकून टाकतो. वरणात मात्र तंतू असतील असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि तूरडाळीत शंभराला ९ ग्रॅम असतात. सालीसकटच्या डाळी-कडधान्यांचं तर विचारूच नका: मुगाच्या डाळीत ९, अख्ख्या मुगात १७, हरभराडाळीत १५, अख्ख्या हरभऱ्यात २५. हा फरक सालीचा. ती साल, चुनी, डाळमिलमधून पोत्यांत भरून पशुखाद्यात जाते. वैरणीसाठी काढलेल्या मापाने माणसांचं धान्य मोजलं आणि माणसांचे तंतू गुरांना घातले, असा हा काव्यगत न्याय.

व्याख्येचा खरा पेच २००९ चा. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत तंतूची व्याख्या ठरली तेव्हा साखळीत किमान दहा साखर-एकक असलेले न पचणारे कर्बपदार्थ म्हणजे तंतू, असं म्हटलं गेलं. तीन ते नऊ एककांच्या छोट्या साखळ्या धरायच्या की नाहीत हे तळटीप घालून ज्या त्या देशावर सोडलं. तळटीपच, पण धंदा तिच्यावर उभा राहिला. चिकोरीच्या मुळातल्या इन्युलिनचे छोटे तुकडे, प्रयोगशाळेत जोडलेल्या साखळ्या हे बिस्किटात, दह्यात, पेयात मिसळता येतं, चव बिघडत नाही आणि पाकिटावर ‘फायबर’ लिहिता येतं. त्यांना तंतू म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद चुकीचा नाही: त्या लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर जगतात. विरोधकांचं म्हणणं असं, की शौचाचं आकारमान वाढवण्याचं आणि पोट भरल्याची जाणीव देण्याचं काम कणकेचा कोंडा करतो तसं त्या करत नाहीत, मग एकाच आकड्यात बेरीज का? हा दुसरा पक्ष जास्त पटतो, निदान बद्धकोष्ठाच्या तक्रारीपुरता तरी.

आपल्या स्वयंपाकघरात या तळटीपेचा पुरावा रोज ऐकू येतो. हरभरा, राजमा, वाटाणा यांनी पोटात वायू धरतो तो मुख्यतः रॅफिनोज आणि स्टॅकिओज या तीन-चार एककांच्या साखळ्यांमुळे. दहाच्या नियमाने ते तंतू नाहीत, तीनच्या नियमाने आहेत. त्या पाण्यात विरघळतात, म्हणून कडधान्य आठ ते दहा तास भिजवून ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात शिजवायचं. मोड आणले तर त्या आणखी घटतात, कारण अंकुर त्याच साखळ्या खाऊन वाढतो. शिवाय लोह अडवणारं फायटेटही उतरतं. सालीतले खरे तंतू मात्र जागेवर राहतात. मटकी-मुगाला भिजवल्यानंतर फडक्यात १२ ते २४ तास पुरतात. उसळ बाधते म्हणून सोडणारे बहुधा शून्यावरून एकदम दोन वाट्यांवर गेलेले असतात. आठवड्याला दिवसाचे पाचेक ग्रॅम वाढवत नेले, म्हणजे पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी उसळ, आणि सोबत पाणी वाढवलं, तर तीन-चार आठवड्यांत पोट सरावतं. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा आतडं अरुंद झालेलं असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेच.

भाकरी विरुद्ध चपाती हा आपल्याकडचा आवडता वाद. ज्वारीचा पट्टा गव्हाकडे वळला, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि तंतू गेले, असं सर्रास सांगितलं जातं. एप्रिल २०१८ मध्ये ‘भरड धान्या’चं सरकारी नाव बदलून ‘पौष्टिक तृणधान्य’ झालं आणि २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरलं, तेव्हा या समजुतीला बळच मिळालं. आकडे वेगळं सांगतात. ज्वारी १०, नाचणी ११, बाजरी साडेअकरा, अख्ख्या गव्हाची कणीक ११ च्या वर. महागड्या ओट्सचाही आकडा याच्याच आसपास. एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं आणि एका चपातीला २५-३०, म्हणून भाकरी जास्त वाटते इतकंच. तंतू गेले ते चाळणीने. मैद्यात शंभराला तीनसुद्धा उरत नाहीत.

कोंड्याशी आपलं वैर जुनं आहे. ‘कोंड्याचा मांडा’ करून खाणं म्हणजे गरिबी निभावून नेणं. बरे दिवस आले की पहिली वाढते ती चाळणीची बारकाई. १९३४ नंतर वर्ध्याहून ग्रामोद्योगाच्या चळवळीने हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचं पीठ यांचा आग्रह धरला, पण तेव्हा मुद्दा जीवनसत्त्वाचा होता, कोंड्याला स्वतःची किंमत नव्हती. तांदळाच्या बाबतीत तंतूंपुरता लाभ तसा थोडाच: पॉलिशच्या तांदळात २.८, बिनपॉलिशच्यात ४.४. गव्हात फरक चौपट.

न चाळलेल्या कणकेची चपाती वातड होते, कडा तडकतात, ही तक्रार खरी आहे आणि तिचं कारण पाणी. कोंडा पाणी हळू पितो. मळताना पीठ मऊ वाटलं तरी दहा मिनिटांनी कोंड्याने पाणी ओढलेलं असतं आणि कणीक घट्ट झालेली असते. नेहमीपेक्षा थोडं सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली की ती लाटताना फाटत नाही. गिरणीत दळण बारीक सांगावं. जाड कोंडा पोळीला भोकं पाडतो, बारीक दळला की तोच कोंडा जाणवत नाही. काडीकचरा काढायला रव्याची मोठ्या भोकाची चाळणी पुरते, मैद्याची लागत नाही.

इसबगोल उत्तर गुजरात आणि राजस्थानातलं पीक, आणि औषध म्हणून ते चांगलंच आहे. पाच ग्रॅम भुशाला पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी, ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगून अडकू शकतं. नियमित गोळ्या असतील तर वेळेत अंतर ठेवावं, किती ते डॉक्टरांना विचारून. पाच ग्रॅममधून चारेक ग्रॅम तंतू मिळतात, सव्वा चपातीएवढे.

पाकिटावरच्या दाव्यांसाठी २०१८ च्या नियमांत घन पदार्थाला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम असले तर ‘फायबरचा स्रोत’ आणि ६ ग्रॅम असले तर ‘भरपूर फायबर’ म्हणता येतं. भरपूर फायबरवाली पंधरा-पंधरा ग्रॅमची दोन बिस्किटं म्हणजे १.८ ग्रॅम, साखर आणि तेल वेगळं. न चाळलेल्या ३० ग्रॅम कणकेची एक साधी चपाती कसलाही दावा न करता ३ ग्रॅमच्या वर देते. दावा केला नसेल तर पोषणमूल्यांच्या चौकटीत तंतूंची ओळ छापण्याची सक्ती आपल्याकडे नाही. ती ओळ नसेल तेव्हा घटकांची यादी पाहावी. वजनाने जास्त असलेला घटक आधी लिहावा लागतो, त्यामुळे समोर गव्हाची ओंबी छापलेली असली तरी मागे पहिला शब्द बहुधा मैदाच निघतो.