शिक्षकांची परीक्षा-फसवणूक आणि फौजदारी शिक्षा : अटलांटा प्रकरण

विद्यार्थ्यांच्या प्रमाणित चाचणीत शिक्षकांनीच उत्तरे बदलली, तर एरवी प्रकरण खात्यांतर्गत चौकशी, निलंबन, फार तर बडतर्फी आणि अध्यापनाचा परवाना रद्द होणे इथवर थांबते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात मात्र ते तुरुंगापर्यंत गेले. 2015 मध्ये तिथल्या सार्वजनिक शाळांतील 11 शिक्षक, मुख्याध्यापक व अधिकाऱ्यांना संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरवण्यात आले.

प्रकरणाचे मूळ उद्दिष्टांच्या दडपणात आहे. 2002 मध्ये झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या संघीय कायद्याने शाळांचे भवितव्य वाचन आणि गणिताच्या चाचण्यांशी बांधले. 1999 पासून अटलांटाच्या शाळा-अधीक्षक, म्हणजे शहरातील सार्वजनिक शाळांच्या प्रमुख, असलेल्या बेव्हर्ली हॉल यांनी त्यावर शहराची स्वतःची उद्दिष्टे चढवली. ती गाठली की बोनस, हुकली की मुख्याध्यापकाच्या नोकरीवर गदा. पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट मागच्या निकालावरून ठरत असे, त्यामुळे एकदा खोटे गुण दाखवले की पुढच्या वर्षी त्याहून अधिक खोटे दाखवावे लागत. 2009 मध्ये हॉल यांना देशातील सर्वोत्कृष्ट शाळा-अधीक्षक म्हणून गौरवण्यात आले.

'अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन' या दैनिकाने निकालांतील अविश्वसनीय उड्यांवर बोट ठेवले. मग राज्याने 2009 च्या 'सीआरसीटी' या राज्यस्तरीय प्रमाणित चाचणीच्या उत्तरपत्रिकांवरील खाडाखोड मोजली. मूल उत्तर बदलतेच; पण ते कधी चुकीचे बरोबर करते, कधी बरोबरचे चुकीचे. इथे वर्गच्या वर्ग चुकीवरून बरोबरकडे गेलेले दिसले, आणि ते योगायोगाने घडणे जवळपास अशक्य होते. राज्यपालांनी नेमलेल्या विशेष तपास पथकाने जुलै 2011 मध्ये अहवाल दिला : तपासलेल्या 56 पैकी 44 शाळांत गैरप्रकार, 178 जणांचा सहभाग, त्यांत 38 मुख्याध्यापक, 82 जणांनी कबुली दिली.

तपशील वाचताना मन खिन्न होते. एका शाळेत चाचणीच्या आठवड्यात निवडक शिक्षक दुपारी खिडकी नसलेल्या खोलीत बसून चुकीची उत्तरे खोडत आणि बरोबर पर्याय भरत. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून मुख्याध्यापिका हातमोजे घालत. दुसऱ्या एका शाळेत प्रश्नपत्रिकांचे प्लॅस्टिकचे वेष्टन ब्लेडने कापून, नंतर लायटरच्या आचेने पुन्हा चिकटवले गेले.

मार्च 2013 मध्ये हॉल यांच्यासह 35 जणांवर आरोप ठेवण्यात आले. खोटी विधाने करणे, साक्षीदारांवर दबाव आणणे, बोनसच्या रूपाने चोरी करणे यांबरोबर मुख्य आरोप होता 'रिको' या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालील कटाचा. 1970 च्या संघीय कायद्याच्या धर्तीवरील हा राज्य कायदा मुख्यतः गुन्हेगारी टोळ्यांसाठी ओळखला जातो आणि त्यात 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 21 जणांनी गुन्हा कबूल करून सौम्य शिक्षा घेतली. हॉल यांचे 2 मार्च 2015 रोजी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. उरलेल्यांपैकी 12 जणांचा खटला सहा महिन्यांहून अधिक चालला. 1 एप्रिल 2015 रोजी ज्युरीने 11 जणांना दोषी ठरवले, एकाची सुटका केली. दोषी ठरलेल्या बहुतेकांना तिथेच बेड्या घालून नेण्यात आले.

न्यायाधीश जेरी बॅक्स्टर यांनी 14 एप्रिलला तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना 20 वर्षांची शिक्षा दिली. त्यांपैकी 7 वर्षे तुरुंगात, बाकीची परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली. शिवाय प्रत्येकी 25,000 डॉलर दंड. पुढे 30 एप्रिलला ती स्वतःच कमी करून 3 वर्षे तुरुंग, 7 वर्षे परिवीक्षा आणि 10,000 डॉलर दंड अशी केली. इतरांना मुख्यतः एक-दोन वर्षांची कैद झाली. शेवटच्या क्षणी तडजोड मान्य करणारे दोघे तुरुंगवासाच्या मोठ्या शिक्षेतून वाचले. म्हणजे कोण तुरुंगात जाईल हे गुन्ह्याइतकेच कबुलीवरही ठरले, आणि न्यायाच्या दृष्टीने ही गोष्ट खटकते. दोषी ठरलेले सर्व जण कृष्णवर्णीय होते, याकडेही टीकाकारांनी लक्ष वेधले.

तरीही केवळ शिक्षकांचा कळवळा धरून चालत नाही. खोट्या गुणांवर 'प्रवीण' ठरलेल्या मुलाला वाचनाची जादा शिकवणी मिळाली नाही. त्याला वाचता येत नाही हे कागदावर कुठे उरलेच नव्हते. चोरीचा आरोप बोनसच्या पैशांबद्दल होता, या मुलांच्या गेलेल्या वर्षांना आरोपपत्रात वेगळे कलम नव्हते.

अशी शिक्षा इतरत्रही झाली आहे. टेक्सासमधील एल पासोच्या अधीक्षकांना 2012 मध्ये साडेतीन वर्षांची कैद झाली. कमी गुण पडतील अशी मुले चाचणीच्या इयत्तेतूनच गायब करण्याची योजना त्या प्रकरणात उघड झाली होती. महाराष्ट्रात 1982 पासून विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. केंद्राचा 2024 चा कायदा किमान तीन वर्षांची कैद सांगतो, पण तो भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी आहे. शाळेची गुणवत्ता जोखणाऱ्या इयत्तावार चाचण्या त्याच्या कक्षेत येत नाहीत.