उंच टाच: रिकिबीतून चवड्यावर

उंच टाच मुळात चालण्यासाठी नव्हतीच. इराणी घोडेस्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत. पाय निसटू नये म्हणून बुटाची टाच रिकिबीला अडकवत. १५९९ मध्ये शाह अब्बासने युरोपकडे वकील धाडले आणि पुढच्या काही दशकांत तिकडचे सरदारही टाचा घालू लागले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात तर लाल टाच मानाची खूण होती.

अनवाणी उभे असताना साधारण ६० टक्के भार टाचेवर असतो. टाच उचलली की पाय उताराला लागतो, भार चवड्यावर, त्यातही अंगठ्याच्या मुळाशी जातो आणि तळव्याची कमान अधांतरी राहते. तिच्या आधारासाठी तळाच्या थरांमध्ये पोलादी पट्टी बसवतात. टाचेपासून चवड्याच्या जरा अलीकडेपर्यंत. इथिओपियावरील आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले आणि या पट्टीसाठी चांगले पोलाद मिळेना, तेव्हा तिथला जोडे बनवणारा साल्वातोरे फेरागामो याने कमानीखालची पोकळी बुचाने भरून टाकली. वेज हील, म्हणजे पाचरीसारखी सलग भरीव टाच, रुळली ती तेव्हापासून. पुढे १९५० च्या दशकात टाचेतच धातूची सळई घातली गेली आणि बारीक स्टिलेटो उभी राहिली.

जोडा घेताना तो टेबलावर ठेवून कमानीवर अंगठ्याने दाबा. लवला, तर पट्टी कमकुवत आहे. मग आत बोट फिरवा: टाच टेकते ती जागा सपाट, किंचित खोलगट हवी. तिथेही उतारच असेल तर पाय दर पावलाला पुढे घसरतो आणि बोटे टोकात चेपली जातात.

रुंद टाचेने घोटा मुरगळणे कमी होते, पण गुडघ्यावरचा ताण तिच्यानेही वाढतो, हे मोजून दिसले आहे. कंबरेची बाकदार खोली मात्र वाढतेच असे नाही. अनेक मोजमापांत ती उलट कमी झालेली आढळली. वर्षानुवर्षे टाच वापरणाऱ्यांचे पोटरीचे स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची धोंडशीर (पोटरीला टाचेशी जोडणारा कंडरा) जाड, ताठर होते. म्हणून त्यांनी एकदम सपाट चप्पल धरली की पोटरी ओढते. उंची टप्प्याटप्प्यानेच उतरवावी.

ती उतरवण्यासाठी जुनीच टाच कापून घेणे मात्र चुकीचे. जोड्याचा साचा ठरावीक उंचीसाठी घडवलेला असतो. सेंटिमीटरभराहून जास्त कापले की पुढचे टोक वर उचलले जाते आणि टाच तिरकी टेकते.