डोअर-टू-बलून काळ

हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यापासून त्याच्या बंद पडलेल्या हृदयधमनीत फुगा किंवा तत्सम साधन सरकवून रक्तप्रवाह सुरू होईपर्यंत गेलेला वेळ. तो मिनिटांत मोजतात. मराठीत ‘दारापासून फुग्यापर्यंतचा काळ’ म्हणता येईल, पण कॅज्युअल्टीत ‘डी-टू-बी किती?’ असेच विचारतात. हा मापदंड सगळ्या हृद्‌रुग्णांना लागू नाही. ईसीजीत एसटी रेषा उचललेली दिसते, म्हणजे धमनी बहुधा पूर्ण बंद आहे, त्या ‘स्टेमी’ प्रकारच्या झटक्यासाठीच तो आहे. ९० मिनिटांच्या आत धमनी उघडावी, हे त्याचे रूढ उद्दिष्ट. युरोपीय हृद्‌रोग संघटनेने २०१७ साली ‘दार’ हा आरंभबिंदूच काढून टाकला. ईसीजीवर निदान झाले तो क्षण शून्य धरायचा आणि अँजिओप्लास्टीची (फुग्याने धमनी उघडण्याची) सोय असलेल्या रुग्णालयात तिथून ६० मिनिटांत धमनीतून फुग्याआधी सरकवायची तार पार व्हायला हवी, असे ती सांगते.

धमनी बंद होताच हृदयाचा स्नायू लगेच मरत नाही, पण मरायला सुरुवात होते. पहिल्या दोन-तीन तासांत वाचवता येणारा भाग सर्वांत मोठा असतो, नंतर तो झपाट्याने घटतो. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला हृदयधमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. पुढे झटका चालू असतानाच ती करण्याची पद्धत रुळली आणि अडचण कौशल्याची नसून बोलावण्या-धावण्याची आहे हे उघड झाले. २००६ साली अमेरिकेतील ३६५ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा वेळ कमी होता त्यांचे वेगळेपण यंत्रांत नव्हते, सवयींत होते. हृद्‌रोगतज्ज्ञाची वाट न पाहता कॅज्युअल्टीतील डॉक्टरच कॅथ लॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) सुरू करायला सांगत. त्यासाठी एकच फोन पुरे होई. रुग्ण रुग्णवाहिकेत असतानाच तयारीला सुरुवात होई. बोलावल्यावर २० मिनिटांत चमू हजर राही आणि प्रत्येक केसचा हिशेब संबंधितांना लगेच कळवला जाई.

मिनिटे कुठे जातात

पहिली गळती ईसीजीपूर्वीच होते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत निघाला पाहिजे. त्यासाठी ईसीजी यंत्र कॅज्युअल्टीतच हवे, वॉर्डातून आणावे लागू नये. तो काढायला केसपेपर हातात येण्याची गरज नसते. सिस्टरला तशी कायमची मुभा दिलेली असली की काम होते. मधुमेही, वयस्क व स्त्री रुग्णांत छातीत कळ न येता धाप, घाम, मळमळ किंवा जबडा-खांदा दुखणे एवढेच दिसू शकते. ‘गॅस झालाय’ म्हणून पॅन्टोप्राझोल देऊन बसवून ठेवले जातात ते बहुधा हेच रुग्ण.

दुसरी गळती वाचनात. पहिला ईसीजी स्वच्छ आला म्हणून रुग्णाला सोडू नये. दुखणे चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला तर छातीच्या उजव्या बाजूची व्ही४आर लीड (ईसीजीची जोडणी) घ्यावी. कारण उजवी जवनिका (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) झटक्यात सापडलेली असताना जिभेखाली नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) दिले तर रक्तदाब कोसळतो. मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या १२ लीड्समध्ये केवळ एसटी दबलेली दाखवतो, तो पाहायला व्ही७ ते व्ही९ लावाव्या लागतात. एसटी स्पष्ट उचललेली असताना ट्रोपोनिनच्या (हृदयस्नायूची इजा दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) रिपोर्टची वाट पाहणे ही शुद्ध दिरंगाई आहे. झटक्याच्या सुरुवातीला तो निगेटिव्ह येऊ शकतो.

तिसरी गळती पैशांची व सहीची. भारतात हिचा वाटा मोठा असतो, आणि मार्गदर्शक तत्त्वांत तिला जागा नसते. डिपॉझिट, नातेवाइकांचा फोनवरचा सल्ला, ‘मुलगा पुण्याहून येतोय’ यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. उपाय साधा आहे. ईसीजीची पट्टी हातात धरून एकाच डॉक्टरने एकदाच, सोप्या भाषेत सांगायचे, संमतिपत्र तिथेच घ्यायचे आणि बिलिंगचे काम समांतर चालू ठेवायचे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या प्रसंगी फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरला ती ठाऊक असणे महत्त्वाचे.

या काळात ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला देतात (गिळल्यास परिणाम उशिरा होतो), सोबत गुठळी वाढू न देणारे क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर आणि कोलेस्टेरॉलवरचे ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम. वेदनेसाठी कमरेत डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देऊ नये. हे औषध झटक्यात अपायकारक ठरते, शिवाय पुढे गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास सुईच्या जागी स्नायूत रक्त साकळते. ऑक्सिजन सरसकट लावायचा नसतो. त्याचे रक्तातील प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल तरच लावावा.

कॅथ लॅब नसेल तेव्हा

तालुक्याच्या ठिकाणी खरा प्रश्न वेगळा असतो : पाठवायचे की इथेच गुठळी विरघळवायची? निदानापासून १२० मिनिटांत धमनी उघडणे शक्य दिसत नसेल, झटका १२ तासांच्या आतला असेल आणि रक्तस्रावाचा मोठा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध तिथेच द्यावे. टेनेक्टेप्लेज वजनानुसार ३० ते ५० मिलिग्रॅम एकदमच शिरेतून देतात. ७५ वर्षांवरील रुग्णाला अर्धी मात्रा पुरते. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त पडते. त्याची १५ लाख युनिट्स ३० ते ६० मिनिटांत सलाइनमधून सोडतात. घाईने सोडले तर रक्तदाब पडतो. पूर्वी कधी ते दिलेले असेल तर पुन्हा देत नाहीत, कारण शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्ये औषध निकामी करतात.

औषध दिले म्हणजे काम संपले असे नव्हे, आणि चूक नेमकी इथेच होते. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढून एसटी निम्म्याने तरी खाली आली का ते पाहतात. आली नसेल तर रुग्णाला लगेच कॅथ लॅबकडे हलवायचे. आली असली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करायची. म्हणून सुई दिल्यावर रुग्णाला तालुक्यातच चार दिवस ठेवू नये. रवाना करताना ईसीजी, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा लिहिलेला कागद आणि डिफिब्रिलेटर (विजेचा धक्का देऊन हृदयाची लय सुधारणारे यंत्र) असलेली रुग्णवाहिका हवी. वाटेत जीव जातो तो मुख्यतः हृदयाच्या बेताल थरथरीने. पुढच्या रुग्णालयाला ईसीजीचा फोटो आधी पाठवला असेल तर तिथे कॅज्युअल्टीत न थांबता रुग्ण थेट कॅथ लॅबमध्ये जातो.

मापदंडाची मर्यादा

२०१३ साली अमेरिकेतील सुमारे ९७ हजार रुग्णांची आकडेवारी आली आणि उत्साहाला लगाम बसला. चार वर्षांत मध्यक वेळ (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ८३ मिनिटांवरून ६७ वर आला होता, पण रुग्णालयातील मृत्युदर ४.८ टक्क्यांवरून ४.७ एवढाच हलला. यामागे बरीच कारणे मांडली गेली. त्यातले एक असे की रुग्ण दारापर्यंत यायलाच उशीर करतो आणि ते या मापात धरलेच जात नाही. भारतातील ‘क्रिएट’ नोंदणीत (२००८ साली प्रसिद्ध, २०,४६८ रुग्ण) लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला मध्यक ३६० मिनिटे लागली होती. दारातली २० मिनिटे वाचवली तरी हे सहा तास तसेच राहतात.

तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या कॅथ लॅब केंद्रांना जोडून चार समूह उभारले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रुग्णालयातील मृत्युदरात फरक दिसला नाही, पण एका वर्षातला मृत्युदर १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आला. याउलट केरळमधील ६३ रुग्णालयांत तपासणी-याद्या, नियमित लेखाजोखा व प्रशिक्षण यांची २०१४ ते २०१६ दरम्यान चाचणी झाली. त्यात ३० दिवसांतील गंभीर घटना घटल्यासारख्या दिसल्या, मात्र हिशेब काटेकोर करताच तो फरक टिकला नाही.

आकडा सुधारण्याच्या नादात आकड्याशीच खेळणे सोपे असते. ‘संमतीला उशीर’ असा शेरा मारून अवघड केसेस गणनेतून वगळल्या जातात. सरासरीऐवजी मध्यक वापरावा, कारण एकच पाच तासांची केस सरासरी बिघडवते. त्यासोबत ९० मिनिटांच्या आत झालेल्या केसेसची टक्केवारी आणि रात्रीचे व रविवारचे आकडे वेगळे मांडावेत. ईसीजी यंत्र, कॅज्युअल्टीची भिंत आणि कॅथ लॅब यांच्या घड्याळांत पाच-सात मिनिटांचा फरक असणे मुळीच दुर्मीळ नाही. दर सोमवारी तिन्ही घड्याळे मोबाइलवरच्या वेळेशी जुळवली की नोंदी विश्वासार्ह होतात.